धाराशिवची खोली, दोन विहिणी आणि माझं बाळंतपण

मला धाराशिवच्या त्या दवाखान्याची आठवण येते असं म्हटलं की आमचे मिस्टर माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघतात. त्यांना तिथली रक्तासाठीची धावपळ तेवढी आठवते. मला मात्र उन्हाळा लागला, दुपारी दुकानाचा पत्रा तापायला लागला, की तो वॉर्ड आठवतो. खिडकीबाहेरचा कडुनिंब, फिनेलचा वास, सकाळी सहाला दिवे लावून सगळ्यांना उठवणारी सिस्टर, आणि माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून भाजीत मीठ किती यावर भांडणाऱ्या दोन बायका. एक माझी आई, दुसऱ्या माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आई गेल्या वर्षी गेली. त्यामुळंही असेल, ते दिवस आता नुसते वाईट होते असं म्हणवत नाही. वाईट तर ते होतेच.

लिहायला बसले ते एका मुलीमुळं. येरमाळ्याला देवीच्या वाटेवर आमचं ओटीच्या साहित्याचं दुकान आहे. खण, नारळ, हळदकुंकू, हिरवा चुडा. परवा एक मुलगी ओटी घ्यायला आली आणि नारळ हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "ताई, माझं चॉकलेट सिस्टचं आप्रेशन झालंय. आता दिवस गेलेत. लई भ्या वाटतंय." तिला आत बसवलं, चहा दिला, गिऱ्हाईक सांभाळत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बरंच राहिलं. ते इथं सांगते.

दुखणं

माझं माहेर भूम तालुक्यातलं ईट. घरी म्हशी, दूध खव्याच्या भट्टीला. पाळी सुरू झाली तेव्हापासून मला दर महिन्याला असं दुखायचं की मी गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून पोत्यावर पडून राहायची. आई ओव्याचं पाणी द्यायची, पोट शेकायची आणि म्हणायची, "सोस माय. बाईच्या जातीला असतंयच." तिला तिच्या आईनं हेच सांगितलं असणार. मीही मानून घेतलं. शाळेत दोनदा चक्कर येऊन पडले, तर मास्तरांना वाटलं डबा खाल्ला नाही.

लग्न होऊन येरमाळ्याला आले. दुकानात गल्ल्याच्या मागं उकिडवी बसून ओठ चावायची. आत्याबाईंनी ते दोन-तीन महिने बघितलं आणि एक दिवस वैतागून म्हणाल्या, "हे निसतं पाळीचं दुखणं न्हाय. ऊठ. पातळ बदल. सोलापूरला जायचंय." आत्याबाईंचा स्वभाव तापट. काळजीसुद्धा त्या ओरडूनच करतात.

सोलापूरच्या डॉक्टरांनी त्या दुखण्याला नाव दिलं: एंडोमेट्रिओसिस. परवाच्या मुलीची चॉकलेट सिस्ट यातलीच. गर्भपिशवीचं आतलं अस्तर बाहेर वाढतं आणि आतलं सगळं एकमेकाला चिकटत जातं, एवढं मला कळलं. मी तिथं रडले. भीतीनं नाही, सुटल्यासारखं वाटून. इतकी वर्षं मी नाटक करत नव्हते तर! दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मूल होऊ शकेल, पण वाट बघावी लागेल, आणि राहिलं तर जपावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

वाट बघितली. देवीकडं मूल मागायला आलेल्या बायका रोज दुकानात माझ्याकडून ओटी घ्यायच्या आणि मायेनं विचारायच्या, "तुला काय लेकरं गं?" मी नारळ शोधायच्या निमित्तानं खाली वाकायची.

आईची बाटली

आमच्याकडं एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता पुष्कळांनी सोडली, आईनं सोडली नव्हती. मला भेटायला यायची ती स्वतःच्या पाण्याची बाटली आणि फडक्यात भाकरी घेऊन. आमच्यासाठी डबाभर खवा आणायची, आणि आमच्या घरातलं पाणी मात्र तोंडाला लावायची नाही. भूक लागली की शेजारी शमीमभाभींच्या ओसरीवर जाऊन भाकरी खायची. शमीमभाभींचं बांगड्यांचं दुकान आमच्या दुकानाला लागून आहे.

आत्याबाई तोंडावर म्हणायच्या, "तुमचा खवा आमाला चालतो, अन् आमचं पाणी तुमाला चालत न्हाय व्हय विहीणबाई?"

"पाण्याचं न्हाय हो. रीत हाय."

मला गिऱ्हाइकांच्या प्रश्नांपेक्षा ती बाटली जास्त लागायची. आईला कधी बोलले नाही. पण ती बाटली ओट्यावर दिसली की मला वाटायचं, हे घर अजून माझं झालेलंच नाही.

वार खाली आहे

लग्नाला नऊ वर्षं होत आली तेव्हा दिवस राहिले. पहिले चार महिने मी जमिनीवर नव्हतेच. पाचव्यात धाराशिवला सोनोग्राफीला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम एरवी बोलक्या. त्या दिवशी पोटावर मशीन फिरवत राहिल्या आणि बोलायच्या थांबल्या. ती शांतता ज्यांनी अनुभवली असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

"बाळ चांगलं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण वार खाली आहे. अगदी पिशवीच्या तोंडावर. कधीही रक्त जाऊ शकतं. आणि तुमचं आधीचं ऑपरेशन आहे, आत चिकटलेलं असणार. सिझर सोपं जाणार नाही." वार म्हणजे बाळाला पोसते ती. ती वाटेतच बसली होती. बाळ येणार कुठून?

उचलायचं नाही, वाकायचं नाही, प्रवास नाही, गाडी दारात तयार ठेवायची, रक्ताचा ठिपका दिसला तरी निघायचं.

आईनं विचारलं, "सातव्यात म्हाएरी न्यायची की हो हिला. पयलं बाळंतपण."

"नाही न्यायची," मॅडम म्हणाल्या.

भीती कशी असते ते सांगते. मला बाथरूमला जायची भीती वाटायची. दर वेळी आधी डोळे मिटायचे, मग उघडायचे, मग कपडा बघायची. काही नाही दिसलं की भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहायची. हे मिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी आत्ता तसं करत असेल तर लाजू नका. आम्ही सगळ्याच करतो.

फाल्गुनातली दुपार

मला नेता येत नाही म्हटल्यावर आईच येरमाळ्याला येऊन राहिली. राहायची आमच्याकडं, जेवायची शमीमभाभींच्या ओसरीवर. तिथं तिनं चूल मांडली होती, बाटलीही तिथल्याच माठातून भरायची. शमीमभाभी हसायच्या, "चाची, तुम्हारा कायदा हमारे समझके बाहर है. मगर चूल्हा तुम्हाराच समझो."

फाल्गुन संपत आला होता. त्या दिवशी शमीमभाभी कळंबला लग्नाला गेल्या आणि घराला कुलूप. आईची बाटली सकाळीच संपली होती. हे तिनं कुणाला सांगितलंच नाही. माझ्या उशाशी बसून मला वारा घालत राहिली. दुपारी मला दिसलं की तिचे ओठ पांढरे पडलेत.

"आई, माठ इथं आहे. पी की एक घोट."

"आठवा लागलाय तुला. एवढी वर्सं कळ काढली, अन् आता दोन म्हयन्यासाठी मोडू व्हय? तुझ्या लेकराला लागंल."

तेव्हा मला कळलं की तिच्या लेखी ही आता नुसती रीत राहिली नव्हती. ती पाणी पीत नव्हती तोवर माझं बाळ टिकणार होतं. मी भांडायला हवं होतं, पण ती उठून खिडकीचा पडदा ओढायला गेली, आणि जाता जाता भिंतीला धरून खाली बसत गेली. तिची मान एका बाजूला पडली.

मी उठले. विचार केलाच नाही. तिला बगलेत धरलं, गालावर चापट्या मारल्या, आत्याबाईंना हाका मारल्या, आणि मग मला मांडीवर गरम लागलं.

आत्याबाई दुकानातून धावत आल्या. आम्ही दोघी फरशीवर. त्यांनी मला आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या, मिस्टरांना गाडी काढायला ओरडून सांगितलं. मग माठातून तांब्या भरला आणि आईच्या तोंडाला लावला.

"आधी प्या. न्हायतर दोन पेशंट न्यावे लागतील."

आई प्यायली. सगळा तांब्या प्यायली, रडत रडत.

जीपमध्ये ती एकच घोकत होती, "म्या मोडलं. लेकराआधी पाणी प्याले. म्याच केलं हे."

"विहीणबाई, गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "देवी काय तुमच्या तांब्यावर ध्यान ठिवून बसली न्हाय. तिला दुसरे कामं हायत."

खोलीतली चूल

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाचे ठोके चालू होते. मॅडमनी ते मला ऐकवले. हळूहळू रक्त थांबलं. मी विचारलं, "मी उठले म्हणून झालं का?" त्या म्हणाल्या, "वार अशी असली की झोपेतसुद्धा रक्त जातं. तुम्ही उठलात म्हणून नाही, कुणाला चक्कर आली म्हणूनही नाही." मी विश्वास ठेवला. आईला त्यांनी दोनदा समजावलं. ती मान हलवायची, आणि मनात तेच धरून बसायची.

आता बाळंतपणापर्यंत तिथंच राहायचं होतं. दवाखान्यासमोर पेशंटच्या माणसांना भाड्यानं देतात तशी एक खोली मिस्टरांनी घेतली. तिथं दोघी विहिणी राहू लागल्या, आणि पहिल्याच दिवशी आईनं जेवायचं नाकारलं. प्रायश्चित्त म्हणून. आत्याबाई पुढं काय बोलल्या ते आईनंच मला दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं.

"ही खोली कुणाची?" आत्याबाईंनी विचारलं.

"मालकाची."

"पीठ कुणाचं?"

"म्या आणलंय, ईटहून."

"गॅस माझा, पाणी नगरपालिकेचं, अन् भाकरी थापणार म्या. आता सांगा, तुमच्या लेकीचं घर ह्यात कुठं बसतंय?"

आईनं एकदा पिठाच्या डब्याकडं बघितलं म्हणे. मग म्हणाली, "वकील व्हायला पायजे व्हता तुमी." आणि ताटावर बसली. इतक्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदा एकत्र जेवल्या. तेही बेसनपिठात खडा आला म्हणून भांडत.

तिथून पुढचे दिवस मला आठवतात ते असे. सकाळी बीपी, मग मॅडमचा राउंड, मग डबा. डब्यात दोन भाज्या, कारण एकीची दुसरीला पटायची नाही. आईच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट जास्त, आत्याबाईंच्या भाजीत तिखट. दोघी पलंगाशी उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी कुणाची भाजी आधी संपवते यावर त्यांचा दिवस ठरायचा, म्हणून मी घास घास आलटून पालटून खायची. आबा, म्हणजे माझे वडील, भट्टीवरचा खवा पाठवायचे, तो सगळ्या वॉर्डात वाटला जायचा. बाळाच्या फुफ्फुसासाठी इंजेक्शनं घेतली तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या परांड्याच्या बाईनं माझा हात धरला होता. तिचं नाव मी विचारलंच नाही, आता फार वाटतं.

सगळं गोडच होतं असं नाही. एकदा मिस्टर दुकान बंद करून, थकून आले आणि म्हणाले, "आपण दोघंच बरे होतो." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "बाळ नको असं नव्हतं म्हणायचं. तू नको जायला, असं म्हणायचं होतं." मग मी रडले, ते रडले, आणि सिस्टर आम्हा दोघांना रागावली.

चैत्राची यात्रा आली. आमच्या दुकानाचं वर्षाचं पोट या यात्रेवर. मिस्टरांचा फोन आला की गर्दी आवरत नाही, आईला, म्हणजे आत्याबाईंना, पाठवा. आत्याबाई म्हणाल्या, "देवीला वरीसभर म्या हायच की. ह्या येळंला ती करंल माझ्याबिगर." लग्न होऊन आल्यापासून त्यांनी यात्रा चुकवली नव्हती. मिस्टरांनी मोबाइलवर पालखी दाखवली, रीतीप्रमाणं देवीसाठी रानात वाकून चुनखडीचे खडे वेचणाऱ्या बायका दाखवल्या. आत्याबाईंनी मोबाइललाच हात जोडले, डोळे पुसले, आणि लगेच ओरडल्या, "अरं, नारळाची रास उन्हात का मांडली? तडकतील की!"

काचेतली लेक

यात्रा उलटल्यावर एका सकाळी चहा घेताना पुन्हा रक्त आलं, आणि या वेळी थांबेना. सगळं भराभर झालं. गर्भपिशवी काढावी लागू शकते, अशा कागदावर सही केली. थिएटरच्या दारापर्यंत आत्याबाईंचा हात माझ्या कपाळावर होता. आई भिंतीशी उभी होती, जवळ आली नाही.

जाग आली तेव्हा सिस्टर म्हणाली, "मुलगी आहे. लहान आहे, काचेत ठेवलीय. श्वास घेतेय." मग मॅडमनी सांगितलं. आतडं पिशवीला चिकटलेलं होतं, सोडवायला फार वेळ गेला, रक्त थांबेना, पिशवी काढली. मिस्टरांचे हायवेवरचे दोस्त, गॅरेजवाले, हॉटेलवाले, शमीमभाभींचा दीर, सगळे रक्त द्यायला आले होते.

ज्या पिशवीनं मला इतकी वर्षं छळलं, ती गेली म्हणून मी ढसाढसा रडले. ते विचित्र वाटेल कुणाला. पण माझी लेक त्याच पिशवीत राहिली होती. छळलं तिनं, आणि सांभाळलंही तिनंच. तिला निरोप द्यायचा राहिला असं वाटलं.

लेकीला बघायला ठरलेल्या वेळी आत्याबाई काचेपाशी जायच्या आणि येऊन बातमी द्यायच्या. "आज जांभई दिली. तुझ्यावर गेलीय, ऐतखाऊ." आई जायची नाही. जिन्यात पिशवी मांडीवर घेऊन बसायची. म्हणायची, "माझी सावली नको तिच्यावर."

एक दिवस लेकीचा श्वास मधेच थांबला. डॉक्टरांनी लगेच सांभाळलं, लहान बाळांत असं होतं म्हणाले. ते ऐकून आईनं खोलीतलं सामान बांधलं आणि माझ्यापाशी आली. "म्या ईटला जाते. म्या हितं नसले तर ती जगंल."

मला इतका राग आला की टाके विसरून मी उठून बसले. "जा. पण मग मी कुणाकडं बघून धीर धरू ते सांगून जा."

ती गेली नाही. पण काचेपाशीही गेली नाही.

हे लक्षात ठेवा

आता माझी आर्वी अंगणवाडीत जाते आणि दुकानातल्या बांगड्या फोडते. म्हणून हे शांतपणे सांगू शकते. पाळीत पोरगी गडाबडा लोळत असेल तर तिला सोस म्हणू नका, दाखवा. आधीचं ऑपरेशन झालं असेल तर पहिल्याच तपासणीला सांगा, मुकाट बसू नका. सगळ्यांचंच माझ्यासारखं होत नाही, पुष्कळ जणींचं सरळ होतं. आणि रक्त गेलं तर स्वतःला दोष देऊ नका, आईला देऊ नका, सासूला तर मुळीच नको. दोष द्यायला माणूस शोधण्यात जो वेळ जातो, तो गाडी काढायला लागतो.

घरी

आर्वीचं वजन भरलं आणि घरी सोडलं त्या दिवशी सिस्टर तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. माझे टाके अजून ओढत होते, मला बाळ उचलून चालायची परवानगी नव्हती. सिस्टरनं बाळ आत्याबाईंपुढं धरलं. मान त्यांचाच. नऊ वर्षं त्यांनी या क्षणाची वाट बघितली होती, देवीला किती वेळा साकडं घातलं होतं ते मला माहीत होतं.

आत्याबाईंनी दोन्ही हात मागं घेतले.

"माझा हात भरून आलाय," त्या म्हणाल्या. "निसता ठणकतोय. पडंल लेकरू. विहीणबाई, तुमी धरा."

आई मागं सरली. "न्हाय, न्हाय. माझ्या हातात नको."

"मग काय फरशीवर ठिवायचं व्हय? धरा म्हणते ना!"

आईनं धरलं. आर्वीनं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा झोपली. आईनं दुपट्याची कड तिच्या तोंडावरून हळूच सारली. जीपमध्ये तिनं वाटभर डोळे वर केले नाहीत, ती आर्वीकडंच बघत होती.

आम्हाला पुढं ईटला जायचं होतं, माझ्या माहेरी. येरमाळ्याला जीप दुकानापुढं थांबली आणि आत्याबाई उतरल्या. दुकानातून एक नारळ घेतला, आर्वीवरून उतरवला आणि दगडावर असा आपटला की एका फटक्यात दोन भकलं होऊन पाणी आमच्या टायरपर्यंत उडालं.

आई बघत होती. तिनं आर्वीला छातीशी आणखी जवळ घेतलं.

"लई ठणकत असंल हात," आई म्हणाली.

"लई," आत्याबाई म्हणाल्या. "जावा आता. ऊन व्हतंय लेकराला."